बचत होती, हाताशी नव्हती : बडोद्यातल्या एका घराचा सोळा महिन्यांचा हिशेब

७ सप्टेंबर २०२४, गणपती बसले तो दिवस. भाची आणि जावई दर्शनाला आले, पण हातात दरवर्षीचा मोदकांचा डबा नव्हता. एक प्लास्टिकची पिशवी होती आणि तिच्यात कागद. विम्याची पॉलिसी, क्रेडिट कार्डाची बिलं, एका प्लॉटच्या पावत्या, शाळेच्या फीची चिठ्ठी. काही अजून दमट, आणि सगळ्यांना विश्वामित्री नदीच्या गाळाचा वास. आरती झाली, प्रसाद झाला. भाची म्हणाली, "मावशी, जरा बघशील? आम्ही उधळे नाही गं. तरी दर महिन्याला हात का पसरावा लागतो तेवढं सांग."

मी दांडिया बाजारात राहते. एका बँकेत छत्तीस वर्षं काढली, शेवटची काही कर्जविभागात, आणि २०१९ ला निवृत्त झाले. तेव्हापासून गल्लीतले, नात्यातले लोक कागद घेऊन येतात. पैसे घेत नाही, म्हणून बोलायचा हक्क राखून ठेवते. हे प्रकरण दोघांना विचारून, नावं गाळून लिहिते आहे. आकडे त्यांच्या वहीतले आहेत, फक्त शंभर-दोनशेच्या फरकाने गोल केलेले.

घर आणि पाणी

जावई तेहेतिशीचे, हालोलच्या बाजूला एका कारखान्यात क्वालिटी विभागात. हातात ३१,५००. भाची तीस वर्षांची, खासगी शाळेत प्राथमिकला शिकवते, तिच्या हातात १९,०००. म्हणजे घरात येणारे ५०,५००. मुलगी चार वर्षांची. जावयांच्या आई, माझ्या विहीणबाई, बहुतेक वेळ त्यांच्याचकडे असतात. समा भागात तळमजल्यावर भाड्याची जागा.

या 'तळमजल्या'नेच गोष्ट सुरू केली. २६ ऑगस्टला, गोकुळाष्टमीच्या दिवशी, पाऊस थांबेचना. आजवा तलावाचं पाणी आणि वरचा पाऊस मिळून विश्वामित्री फुगली आणि अर्धं शहर पाण्यात गेलं. यांच्या घरात कमरेइतकं पाणी दोन दिवस होतं. शेजारच्या सोसायटीत मगर आली होती, ते व्हिडिओ सगळ्या गुजरातने पाहिले. फ्रिज गेला, वॉशिंग मशीन गेलं, गाद्या गेल्या, मिक्सर-शेगडी गेली.

स्कूटर मात्र पाण्याने गेली नाही, जावयांच्या अंगठ्याने गेली. पाणी ओसरल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांनी 'चालू होते का बघू' म्हणून सेल्फ दाबला. एकदा नाही, चार वेळा. इंजिनात राहिलेलं पाणी आत ओढलं गेलं आणि आतला कनेक्टिंग रॉड वाकला. बुडालेलं वाहन चालू करून बघायचं नसतं, ढकलत मेकॅनिककडे न्यायचं असतं. पूर्ण विमा असला तरी असं चालू केल्याने झालेल्या इंजिनाच्या नुकसानीवर कंपन्या बोट ठेवतात. इथे तर तो प्रश्नच आला नाही. विमा फक्त थर्ड पार्टीचा होता, म्हणजे कायद्यापुरता, आणि त्यात पुराचा रुपयाही मिळत नाही. वर्षाला हजार-बाराशे वाचवले होते, दुरुस्तीला २१,००० गेले.

त्यातच मुलीला जुलाब-उलट्या सुरू झाल्या, तीन दिवस सलाईन. २३,०००. "कंपनीचा मेडिक्लेम आहे ना?" मी विचारलं. आहे, पण फक्त जावयांचा. बायको-मुलगी त्यात नाहीत.

इथे मी जरा थांबले, कारण मला एक जुनी तारीख हवी होती. जावई आधीच्या नोकरीत ईएसआयमध्ये (कामगार राज्य विमा योजनेत) होते, तिथे अख्ख्या कुटुंबाला उपचार मिळतात. पण ईएसआयची पगारमर्यादा महिना २१,००० आहे. एप्रिल २०१९ मध्ये त्यांना पगारवाढ मिळाली, पगार बावीस हजारांवर गेला आणि वर्गणी बंद झाली. पेढे वाटले होते, मलाही आले होते. ईएसआयचे लाभ वर्गणी थांबली की त्याच दिवशी तुटत नाहीत. ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर पुढच्या जुलै ते डिसेंबरपर्यंत हक्क राहतो. म्हणजे ३१ डिसेंबर २०१९ पर्यंत ते झाकलेले होते. १ जानेवारी २०२० पासून ते घर उघड्यावर होतं आणि घरात कुणालाच माहीत नव्हतं. पुढे करोना आला, बाळंतपण आलं, नोकरी बदलली. तरी कार्ड पाकिटात तसंच जपून ठेवलेलं!

पिशवीतले कागद

दुसऱ्या दिवशी गणपती विसर्जन करून आल्यावर आम्ही बसलो. आमचा दीड दिवसाचा असतो. भाचीने शाळेतली एक उरलेली वही आणली होती, वरच्या पानावर 'पाचवी ब' लिहिलेलं. तिच्यातच पुढचे सोळा महिने लिहिले गेले.

भाडं ९,५००. किराणा, दूध, भाजी ११,०००. वीज, गॅस, मोबाईल, इंटरनेट ३,६००. मुलीची शाळा आणि व्हॅन २,८००. पेट्रोल आणि कंपनीच्या बसचे पैसे २,४००. विहीणबाईंची औषधं आणि त्यांच्या हातखर्चाला ३,०००. झाले ३२,३००. माझ्या मते यात कुठेही चैन नाही. रविवारची सेव-उसळ किराण्यातच धरली आहे, आणि ती बंद करा असं सांगणारी मी नव्हे.

मग हप्ते. फोनचे १,९००, नव्या फ्रिजचे २,३०० सहा महिने. आणि क्रेडिट कार्ड. त्याच्यावर २५,००० आधीचेच होते, त्यात स्कूटर, हॉस्पिटल, गाद्या-शेगडीचे १७,००० असं सगळं चढून थकबाकी ८६,०००. त्यांच्या कार्डाची किमान भरायची रक्कम थकबाकीच्या पाच टक्के, म्हणजे ४,३००. ती वेळेवर भरली की आपण 'रेग्युलर' आहोत, असं जावयांना वाटत होतं.

मी वहीत लिहून दाखवलं. महिना साडेतीन टक्के व्याज, ८६,००० वर ३,०१०. त्या व्याजावर अठरा टक्के जीएसटी, ५४२. म्हणजे भरलेल्या ४,३०० पैकी ३,५५२ व्याज-कराचे आणि मुद्दल फिटलं साडेसातशे रुपये. शिवाय थकबाकी ओढत असताना नव्या खरेदीला ती चाळीस-पन्नास दिवसांची बिनव्याजी सवलत मिळत नाही, पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. आणि हे 'पॉइंट मिळतात' म्हणून पेट्रोल त्याच कार्डावर भरत होते. जावई बराच वेळ त्या ५४२ कडे बघत होते. व्याजावर कर, हे त्यांना जास्त लागलं.

आता गंमत पुढे आहे. पिशवीत बचतीचे कागद कर्जाच्या कागदांहून जास्त निघाले. विमा आणि बचत एकत्र असलेली एन्डोमेंट पॉलिसी, वर्षाला ५०,४००, महिन्याला धरले तर ४,२००. वाघोडिया रस्त्याच्या पुढे एका प्लॉटचा हप्ता ५,०००. शाळेतल्या बायकांची भिशी (आमच्या गुजराती शेजारणी तिला वीसी म्हणतात) २,०००. बेरीज ११,२००. मिळकतीच्या बावीस टक्के! एवढी बचत करणारी तरुण जोडपी मी बँकेच्या काउंटरवरून फार थोडी पाहिली.

सगळं मिळून ५२,०००. येतात ५०,५००. दर महिन्याला दीड हजारांचं भोक, आणि त्यात कपडे, सण, लग्नाचा आहेर अजून धरलेला नाही. भोक बुजवायला कार्ड. म्हणजे एका हाताने पाच-साडेपाच टक्के देणाऱ्या पॉलिसीत पैसे ठेवायचे आणि दुसऱ्या हाताने बेचाळीस टक्क्यांनी उचलायचे. घर गळत होतं ते इथे. काटकसरीने हे सुटणार नव्हतं. त्यांची बचत वीस वर्षांनी, सात वर्षांनी, कधीतरी मिळणारी होती. पूर मात्र सोमवारी आला.

बडोद्यातल्या मराठी माणसाला हे नवं नसावं. याच शहरात १८८९ साली विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाऊसाहेब कवठेकरांच्या मार्गदर्शनाखाली अन्योन्य सहाय्यकारी मंडळी निघाली, देशातल्या सहकारी पतसंस्थांचा इतिहास तिच्यापासून सांगतात. सयाजीरावांनी बँक ऑफ बडोदा काढली ती १९०८ मध्ये, म्हणजे एकोणीस वर्षांनी. पांढरपेशा माणसाला आधी काय हवं होतं ते या क्रमातच दिसतं : अडीनडीला, दोन गल्ल्यांवर, लगेच मिळणारी थोडीशी रक्कम. भिशी हीच गोष्ट आजवर करत आली. तिला मी बंद करू दिलं नाही.

पाटल्या, प्लॉट आणि काका

पहिलं काम कार्ड. त्या महिन्याचं व्याज धरून ८९,५५२ हवे होते. भिशी बारा जणींची, २४,००० ची. भाचीचा नंबर पुढच्या मार्चमध्ये होता. तिने एका बाईंशी अदलाबदल केली, आणि त्या बाईंना पूर कुणाच्या घरात आला होता ते माहीत असल्यामुळे विनंती एका वाक्यात मान्य झाली.

उरलेल्यांसाठी मी म्हटलं, पाटल्या विक. दोन तोळ्यांच्या, लग्नातल्या, माझ्या बहिणीने म्हणजे तिच्या आईने घातलेल्या. बँकेतला माणूस असाच विचार करतो : घरात पडून असलेली वस्तू, डोक्यावर महागडं कर्ज, विका आणि मोकळे व्हा. भाची म्हणाली, "गहाण ठेवीन, विकणार नाही." आवाज असा होता की मी पुढे बोलले नाही. बँकेत सोनेतारण कर्ज ६०,००० घेतलं, नऊ टक्क्यांनी, बारा हप्ते, महिना सुमारे ५,२५०. सोन्याच्या किमतीच्या पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत मिळालं असतं, पण हवं तेवढंच घेतलं. बाकीचे साडेपाच हजार तिच्या पगारातून. कार्ड शून्यावर आणलं आणि कपाटात ठेवलं. कापलं नाही, कापण्याचं नाटक मला पटत नाही.

प्लॉटच्या पावत्या बघून मात्र माझंच डोकं तापलं. ४,८०,००० ची किंमत, चौदा हप्ते भरलेले, ७०,०००. नोंदणी केलेला करार नाही. जमीन एनए, म्हणजे बिगरशेती, झाल्याचा हुकूम नाही. रेराचा, म्हणजे बिल्डरांवरच्या सरकारी नियामकाचा, नोंदणी नंबर कुठेच नाही. रेरा कायद्याच्या कलम १३ प्रमाणे नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. इथे दहा टक्के म्हणजे ४८,०००. "तुम्ही गुजरात रेराच्या साइटवर नाव घालून बघितलंत का?" मी जावयांना विचारलं. ते म्हणाले, "मावशी, बसमधल्या नऊ जणांनी घेतलाय." मग मी गप्प बसले. बसमधल्या नऊ जणांपुढे कायदा काय करणार.

पुढचे हप्ते थांबवले आणि भाचीने रजिस्टर्ड पोस्टाने पत्र पाठवलं, कलमाचा आकडा घालून, शांत भाषेत. आधी फोन उचलले नाहीत. मग 'कॅन्सलेशन चार्ज' म्हणून १८,००० कापून ५२,००० द्यायला तयार झाले, तीन चेकमध्ये, जानेवारी ते मार्च २०२५. मला तक्रार नोंदवून पूर्ण रक्कम मागायची होती. त्यांना शांतता हवी होती. त्यांचं त्यांनी ठरवलं. बसमधल्या नऊपैकी दोघांनी नंतर भाचीकडून त्या पत्राचा नमुना नेला.

पॉलिसीचं प्रकरण सगळ्यांत नाजूक, कारण एजंट म्हणजे जावयांचे सख्खे चुलतकाका. १० लाखांची, वीस वर्षांची, तीन वर्षांचे १,५१,२०० भरलेले. सरेंडर केली, म्हणजे मुदतीआधी मोडली, तर हमी फक्त भरलेल्या हप्त्यांच्या पस्तीस टक्क्यांची, सुमारे ५३,०००. कंपनीचं विशेष सरेंडर मूल्य त्याहून काही जास्त येईल, पण तोटा मोठाच. चालू ठेवली तर वर्षाला पन्नास हजार अडकणार, आणि हातात विमा किती? १० लाख. ज्या घरात महिन्याला ३२,००० लागतात तिथे १० लाख अडीच वर्षं पुरतात. मधला रस्ता पेड-अपचा : पुढे हप्ते भरायचे नाहीत, विमा रक्कम भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात कमी होते, वीसपैकी तीन म्हणजे दीड लाख आणि जमा झालेला बोनस, तो मुदतीअंती मिळतो. मी तोच सुचवला.

पण काकांना सांगायचं कुणी? जावई तीन रविवार टाळत राहिले. 'या रविवारी त्यांच्याकडे सत्यनारायण आहे', 'या रविवारी काकूंचा गुडघा दुखतोय'. शेवटी विहीणबाईच उठल्या. त्या फारशा शिकलेल्या नाहीत, हिशेबाच्या बैठकीत दाराशी बसून वाती वळत होत्या. दिरांकडे गेल्या आणि म्हणाल्या, "भावजी, पोराच्या घरात पाणी शिरलं होतं. पॉलिसी बंद नाही करत, थांबवतोय. तुम्ही रागावू नका, आणि त्याला स्वस्तातला मोठा विमा कुठला ते सांगा." काकांनी चहा घेतला आणि टर्म पॉलिसीचा, म्हणजे बचत नसलेल्या नुसत्या आयुर्विम्याचा, फॉर्म काढला. आधी का काढला नव्हता हे कुणी विचारलं नाही. नात्यातला एजंट हा मी पाहिलेल्या घरांतला बचतीचा मोठा अडथळा आहे, पण त्याच्याशी भांडून कुणाचंच भलं झालेलं मी पाहिलेलं नाही.

जावयांची ७५ लाखांची टर्म पॉलिसी, वयाच्या साठाव्या वर्षापर्यंतची, वर्षाला १२,४००. तिघांची मिळून ५ लाखांची (फ्लोटर) आरोग्य पॉलिसी ऑक्टोबर २०२४ मध्ये : १५,४०० आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी, साधारण १८,२००. खोलीभाड्याला मर्यादा नसलेली घेतली. भाड्याला मर्यादा असेल आणि महागडी खोली घेतली, तर नुसतं भाडं नाही, बिलाचे इतर भागही त्याच प्रमाणात कापले जातात, हे लोकांना डिस्चार्जच्या दिवशी कळतं. भाचीने बँकेतून प्रधानमंत्री जीवन ज्योती आणि सुरक्षा विमाही घेतले, वर्षाचे ४३६ आणि २० रुपये, प्रत्येकी दोन लाखांचं कवच. विहीणबाई सहासष्ट वर्षांच्या, मधुमेह आहे. त्यांचा हप्ता झेपणारा नव्हता, आणि सत्तरीनंतरच्या आयुष्मान कार्डाला अजून चार वर्षं आहेत. त्यांच्यासाठी रोख ठेवायची ठरली. जाता जाता त्यांची ७ लाखांची मुदतठेव एकाच सहकारी बँकेत होती ती दोन बँकांत वाटून घेतली. ठेवविमा २०२० पासून एका बँकेत एका माणसाला ५ लाखांपर्यंतच आहे, व्याज धरून.

वर्षाचं खातं आणि पुराचं खातं

पॉलिसीचे ४,२००, प्लॉटचे ५,०००, कार्डाचे ४,३०० सुटले : १३,५००. त्यातून सोनेतारणाचे ५,२५० आणि ते दीड हजारांचं भोक वजा केलं की ६,७५० राहतात. दोघांचे चेहरे उजळले. मी म्हटलं, थांबा.

मग आम्ही वर्षातून एकदाच येणारे खर्च लिहिले. दोन विमे ३०,६००. नवरात्राचे पास आणि चणिया-चोळी ६,०००, बडोद्यात राहून हे टाळता येत नाही आणि टाळूही नये. दिवाळी १२,०००. गणपती ४,०००. उत्तरायणाचे पतंग-दोरा-उंधियू २,५००. स्कूटरचा पूर्ण विमा आणि सर्व्हिसिंग ५,५००. गणवेश-पुस्तकं ७,०००. पुण्या-मुंबईकडे एखादं लग्न १०,०००. बेरीज ७७,६००, भागिले बारा, ६,४६७. दर महिन्याला ६,५०० वेगळ्या खात्यात टाकले की संपलं. हातात उरले अडीचशे.

जावई म्हणाले, "म्हणजे आपण होतो तिथेच?" नव्हते. नवरात्र दरवर्षी येतं. दरवर्षी ते या घरात अपघातासारखं येऊन कार्डावर चढत होतं. आधीचे ते २५,००० कशाचे होते हे मी शोधलं तेव्हा त्यात पास, फटाके आणि एका मावसबहिणीच्या लग्नाची तिकिटं निघाली. आता ते सगळं पगाराच्या दिवशीच भरलं जात होतं. याला त्यांनी 'वर्षाचं खातं' म्हटलं. दुसरं, अडीअडचणीचं, त्याला मुलीने नाव ठेवलं, 'पुराचं खातं'. उद्दिष्ट तीन महिन्यांचा नेमका खर्च : ९६,९००.

पुराच्या खात्यात पहिली भर पडली ती दिवाळी बोनसची, १६,०००. जानेवारीपासून फोनचा हप्ता संपला, १,९०० तिकडे वळले. एप्रिलपासून फ्रिजचाही संपला, मग ४,२००. प्लॉटचे चेक आले. कागदावर सगळं छान चाललं होतं.

फेब्रुवारीत भाची एकटी आली. हात पुढे केले, बोटांच्या पेरांना चिरा पडलेल्या. पुरात मशीन गेल्यापासून सहा महिने ती पाच माणसांचं धुणं हाताने धूत होती. पाचवं माणूस म्हणजे पाहुणा, तो कायम असतोच. मशीन मी 'नंतर' या रकान्यात टाकलं होतं. "मावशी," ती म्हणाली, "तुझ्या तक्त्यात धुणं कुणाच्या नावावर लिहिलंय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. छत्तीस वर्षं मी कर्जदारांच्या घरखर्चाचे अंदाज तपासले, त्यातही बाईच्या हातांचा रकाना कधी नव्हता. दुसऱ्याच दिवशी प्लॉटच्या चेकातून ९,५०० चं सेमी-ऑटोमॅटिक आलं. हे ऑक्टोबरातच व्हायला हवं होतं. चूक माझी, आणि वहीत तशी नोंद तिने केली आहे.

एप्रिल २०२५ मध्ये पगारवाढ झाली, १,८००. मे महिन्यात त्यांनी पावसाच्या आधी जागा बदलली, त्याच भागात दुसरा मजला, भाडं १०,५००. वाढीतले हजार तिथे गेले, आठशे दूध-भाजीत विरघळले. टेम्पो आणि वाढीव डिपॉझिट लग्नाच्या रकान्यातून दिलं, म्हणून त्या वर्षीच्या लग्नाला भाची एकटीच जाऊन आली. पुराविरुद्ध घेतलेला सगळ्यांत चांगला विमा हाच, असं मला वाटतं. फक्त तीन महिन्यांचं उद्दिष्ट आता १,०२,३०० झालं.

जूनमध्ये विहीणबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, २४,०००. पुराच्या खात्यातून दिले, एका दुपारी, कुणाला फोन न करता. जावयांना वाईट वाटत होतं, 'जमलेलं मोडलं' म्हणून. विहीणबाईंनी पट्टी निघाल्यावर आधी वही मागितली आणि लांब धरून वाचून पाहिली.

सप्टेंबरअखेर खात्यात ६५,४०० होते. त्याच महिन्यात, २२ सप्टेंबरपासून, वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविम्यावरचा जीएसटी गेला. ऑक्टोबरचं नूतनीकरण कंपनीने मूळ हप्ता १६,१०० पर्यंत वाढवूनही गेल्या वर्षीपेक्षा दोन हजारांनी स्वस्त पडलं.

धनत्रयोदशीच्या दोन दिवस आधी पाटल्या सुटल्या. जावयांनी मोबाईलवर भाव काढला : चोवीस कॅरेट दहा ग्रॅमला लाखाच्या कितीतरी वर. वर्षापूर्वी माझं ऐकून विकल्या असत्या तर? ते हसून विचारत होते, पण विचारत होते. मी सरळ सांगितलं की भाव चढला हे नशीब, उतरलाही असता. भाची मध्ये पडली, "मी भावासाठी ठेवल्याच नव्हत्या." तो विषय तिथे संपला.

सुटलेल्या ५,२५० पैकी २,००० मुलीच्या सुकन्या खात्यात, रावपुऱ्याच्या पोस्टात. हे खातं त्यांना पहिल्याच दिवशी उघडायचं होतं आणि मी वर्षभर अडवून धरलं होतं. व्याज चांगलं, ८.२ टक्के, पण पंधरा वर्षं भरायचं आणि मुलगी दहावी पास किंवा अठराची होईपर्यंत हात लावता येत नाही. आधी पुराचं, मग सुकन्या. उरलेले ३,२५० पुराच्या खात्यात. डिसेंबरअखेर तिथे ८७,७५०. उद्दिष्टाला साडेचौदा हजार कमी.

एक गोष्ट अजून लोंबकळते आहे. जावयांचं आधीच्या नोकरीतलं पीएफ. त्यांना ते काढून स्कूटर बदलायची होती. पाच वर्षांची सलग नोकरी नसताना काढलं तर करपात्र होतं, खातं नव्या नोकरीत वळवलं तर आधीची वर्षंही धरली जातात, म्हणून ट्रान्स्फरचा अर्ज केला. तो दोनदा परत आला. जुन्या नोंदीत आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एक 'ए' जास्त आहे. तिसरा अर्ज गेला आहे.

परवा उत्तरायणाला त्यांच्या नव्या गच्चीवर गेले होते. उंधियू गरम होतं, मुलगी फिरकी धरून उभी होती. पाणी प्यायला खाली गेले तर ओट्यावर वही उघडी होती, जानेवारी २०२६ चं पान. 'उत्तरायण : ठरलेले २,५००, झाले ३,१५०.' त्याखाली भाचीच्या बारीक अक्षरात : 'मावशीला सांगू नये.'